मत्तय १७:२१ कुठे गेलं? त्या मेसेजला उत्तर

धुळे-नंदुरबारकडच्या मंडळ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: नव्या भाषांतरांनी बायबलमधून ६४,५७५ शब्द आणि ४५ वचनं काढून टाकली. मत्तय १७:२१, मार्क ९:४४, लूक १७:३६, प्रेषितांची कृत्ये ८:३७ उघडून पाहा, सापडणार नाहीत. ती भाषांतरं छापणारी कंपनी सैतानाचं पुस्तकही छापते. खरं बायबल एकच, इंग्रजी किंग जेम्स, आणि मराठीत फक्त ‘जुनं’. सोप्या मराठीतलं आणि बोलीतलं बायबल भ्रष्ट आहे, घरात ठेवू नका. दहा विश्वासणाऱ्यांना पाठवा.

इंग्रजीत हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. शेवटचा भाग, मराठीचा आणि बोलीचा, आपल्याकडे कुणीतरी पदरचा घातला आहे. मी एरवी असल्या गोष्टींना उत्तर देत बसत नाही. पण साक्री तालुक्यातली माझी मावशी चौथीपर्यंत शिकलेली, मोठ्या टाइपाचं सोप्या मराठीतलं बायबल चुलीपाशी बसून बोटाने ओळ धरत वाचते. स्तोत्रांच्या पानांच्या कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या झाल्या आहेत. तिने ते लुगड्यांच्या पेटीत खाली घालून ठेवलं आणि मला फोन केला, “मन्हं बायबल खोटं शे का रे भाऊ?” म्हणून हे लिहितोय.

आधी किरकोळ मुद्दे संपवतो. कंपनीचा मुद्दा अर्धा खरा आहे. न्यू इंटरनॅशनल व्हर्जन हे नवं इंग्रजी भाषांतर छापणारी झोंडरवन ही हार्परकॉलिन्सच्या मालकीची आहे आणि त्या समूहाच्या दुसऱ्या शाखेतून ते सैतानवाल्यांचं पुस्तक निघतं. पण त्याच हार्परकॉलिन्सने २०१२ साली थॉमस नेल्सन ही कंपनी विकत घेतली, आणि थॉमस नेल्सन किंग जेम्स बायबल छापते. मालकामुळे पुस्तक बाटत असेल तर तुमचं किंग जेम्सही बाटलं. आणि मावशीच्या हातातलं बायबल तर बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं आहे, त्याचा त्या कंपनीशी काय संबंध?

शब्दांची मोजणी तर मराठी माणसाने ऐकूनच घ्यायला नको होती. ‘इन द हाऊस ऑफ द लॉर्ड’ हे इंग्रजीत सहा शब्द होतात, मराठीत ‘परमेश्वराच्या घरात’ हे दोन. मग तेविसाव्या स्तोत्रातून आपण चार शब्द चोरले का? ‘यहोवा’ हे नाव काढलं असाही एक मुद्दा त्यात आहे. इब्री शास्त्रात ते नाव सहा हजारांहून जास्त वेळा येतं आणि खुद्द किंग जेम्समध्ये ते ठिकाणांची नावं धरून सात वेळा आहे. बाकी जवळजवळ सगळीकडे तिथेही ‘लॉर्ड’च आहे. आपण लहानपणापासून ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ असंच पाठ केलंय.

आता ‘गायब’ वचनं. इथे मात्र थांबायला हवं, कारण लोक पुस्तक उघडतात, विसाव्या वचनानंतर एकदम बाविसावं दिसतं आणि पोटात गोळा येतो. मेसेज तिथेच पकडतो.

वचनांचे आकडे येशूच्या काळातले नाहीत, प्रेषितांनीही घातलेले नाहीत. नव्या करारातले आजचे क्रमांक पॅरिसचा मुद्रक रोबेर एस्तिएन याने १५५१ साली घातले. त्याच्यापुढे जो ग्रीक पाठ, म्हणजे मजकूर, होता त्याची सुरुवात डच विद्वान इरॅस्मसच्या १५१६च्या छपाईपासून होते. इरॅस्मसच्या हाती मोजकी आणि बरीच उशिराची हस्तलिखितं होती. प्रकटीकरणाच्या हस्तलिखिताचं शेवटचं पान फाटलेलं होतं, म्हणून शेवटची काही वचनं त्याने लॅटिनवरून उलट ग्रीकमध्ये केली. किंग जेम्स हे याच परंपरेच्या पाठावरून १६११ साली झालं. त्यानंतर विद्वानांच्या हाती कितीतरी जुनी हस्तलिखितं आली. सिनाय डोंगराच्या मठातलं चौथ्या शतकातलं हस्तलिखित एकोणिसाव्या शतकात उजेडात आलं, व्हॅटिकनमधलंही त्याच काळात नीट अभ्यासलं गेलं. या दोन्हींच्या मूळ मजकुरात मत्तय १७:२१, म्हणजे प्रार्थना आणि उपासाशिवाय असलं भूत निघत नाही हे वचन, नाही.

म्हणजे प्रश्न ‘कुणी काढलं’ हा नाही. ‘कधी आत आलं’ हा आहे. आणि ते कसं आलं असेल हे समजायला अवघड नाही. एखादं गीत आठवून वहीत उतरवताना तसल्याच दुसऱ्या गीताची ओळ हातून उतरते, तसंच. मार्क ९:२९ मध्ये तोच प्रसंग आहे, तेच वाक्य आहे. नकलकाराला ते तोंडपाठ होतं, ते मत्तयातही उतरलं. मार्क ९:४४ आणि ४६ ही नरकाविषयीची वचनं तर ९:४८चीच अक्षरशः पुनरावृत्ती आहेत. ४८ प्रत्येक भाषांतरात जागच्या जागी आहे, तेव्हा ‘नरक काढून टाकला’ ही आरोळी कशासाठी?

मेसेज म्हणतो, उपास काढून टाकायचा डाव आहे. डाव करणाऱ्यांनी मत्तय ६:१६ ते १८ का ठेवलं, जिथे प्रभू स्वतः ‘तुम्ही उपास करता तेव्हा’ म्हणतो? मत्तय ९:१५ का ठेवलं? कृत्ये १३:३ आणि १४:२३ का ठेवलं, जिथे उपास आणि प्रार्थना करून सेवकांना पाठवलं जातं, मंडळीचे वडील म्हणजे पुढारी नेमले जातात? ही वचनं मावशीच्या बायबलात आहेत. मी फोनवर तिच्याकडून वाचून घेतली.

येशूचं देवपण कमी करायला कृत्ये ८:३७, येशू देवाचा पुत्र आहे ही कबुली, उडवलं, असंही म्हणतात. हे वचन बहुतेक ग्रीक हस्तलिखितांत नाहीच, इरॅस्मसला ते एका हस्तलिखिताच्या समासात सापडलं होतं. आणि उलट बाजू कुणी सांगतच नाही. योहान १:१८ मध्ये किंग जेम्स ‘एकुलता एक पुत्र’ म्हणतं, तर सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तिथे पुत्राला थेट ‘देव’ म्हटलं आहे, आणि बरीचशी नवी भाषांतरं तेच देतात. तीताला २:१३ मध्येही नव्या भाषांतरांत ‘आपला महान देव व तारणारा येशू ख्रिस्त’ हे जास्त ठसठशीत आहे. देवपण लपवायचं असतं तर ही ठिकाणं कुणी अशी सोडली असती?

राहता राहिलं ‘फक्त किंग जेम्स’. याचं उत्तर मी देत नाही, किंग जेम्सच्या भाषांतरकारांनीच देऊन ठेवलं आहे. १६११च्या प्रतीला त्यांनी वाचकांसाठी लांबलचक प्रस्तावना जोडली. तीत ते स्पष्ट म्हणतात की इंग्रजीतलं अगदी साधंसुधं भाषांतरसुद्धा देवाचं वचनच आहे; राजाचं भाषण फ्रेंच, डच, इटालियन, लॅटिन अशा कुठल्याही भाषेत नेलं, प्रत्येक दुभाष्याची भाषा सारखी डौलदार नसली, तरी ते राजाचंच भाषण राहतं. त्याच प्रस्तावनेत ते प्राचीन मंडळीतला धर्मगुरू ऑगस्टीन याचा हवाला देऊन सांगतात की शास्त्राचा अर्थ लागायला भाषांतरांची विविधता उपयोगी पडते. आणि लूक १७:३६, जे मेसेजच्या यादीत आहे? १६११च्या प्रतीच्या समासात त्यांनी स्वतः नोंद केली आहे की हे छत्तिसावं वचन बहुतेक ग्रीक प्रतींत नाही. ज्यांच्या नावाने ही आरडाओरड चालते त्यांनी चारशे वर्षांपूर्वी तळटीप दिली होती. नवी भाषांतरं तेच करतात.

आता ज्याचा मला खरा संताप आहे तो मुद्दा. सोपी मराठी आणि बोली भ्रष्ट. नवा करार ज्या ग्रीकमध्ये लिहिला गेला ती होमरची ग्रीक नव्हती. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसवरच्या पावत्या, घरगुती पत्रं, बाजाराचे हिशेब ज्या भाषेत आहेत ती चारचौघांची ग्रीक होती. पवित्र आत्म्याला ती चालली, आणि तुम्हाला अहिराणी चालत नाही? पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेन्टेकॉस्टच्या सणाला, यरुशलेमेत लोक थक्क झाले ते आपापल्या जन्मभाषेत ऐकायला मिळालं म्हणून, कृत्ये २:८ वाचा. नहेम्या ८:८ मध्ये नियमशास्त्र वाचून त्याचा अर्थ सांगितला, लोकांना समजावं म्हणून.

पंडिता रमाबाईंना संस्कृतप्रचुर मराठी लिहिता येत नव्हती असं कुणी म्हणेल का? त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांवरून भाषांतर केलं, आणि ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून सोप्या मराठीत केलं. १९२२ साली त्या गेल्या. संपूर्ण बायबल केडगावच्या मुक्ती मिशनमधून १९२४ला बाहेर पडलं. आणि ‘जुनं’ म्हणजे नेमकं कुठलं? विल्यम केरी या मिशनऱ्याचा मराठी नवा करार १८११ला बंगालमधल्या सेरामपूरला निघाला. तो आज कुणाच्या घरात आहे? त्यानंतर मराठी बायबल पुन्हा पुन्हा सुधारलं गेलं. मेसेजवाल्यांचं जुनंसुद्धा एके काळी नवंच होतं, आणि तेव्हाही कुरकुरणारे असणारच.

अहिराणीत, मावचीत नवा करार आता फोनवर वाचता येतो. नवापूरकडच्या ज्या आयाबायांना प्रमाण मराठी जड जाते त्यांच्या हातातून तो काढून घेणं हे वचनाचं रक्षण नव्हे. वचन काढून टाकलं असं कुणाला म्हणायचंच असेल तर या मेसेजने मावशीच्या हातून अख्खं बायबल काढलं.

एक गोष्ट मान्य करावी लागते. सगळीच भाषांतरं सारखी नसतात, आणि मत घुसवलेलं भाषांतरही असतं. यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या इंग्रजी भाषांतरात योहान १:१ला ‘शब्द एक देव होता’ अशा अर्थाचं केलं आहे, ते मी कुणाला अभ्यासाला देणार नाही. सोपं भाषांतर करणाऱ्याला अनेक ठिकाणी दोन अर्थांतला एक निवडावा लागतो, आणि वाचकाला दुसरा कळतच नाही. आणि अॅपवाल्यांनी तळटीप इतक्या बारीक खुणेत दडवली आहे की लोकांना वचन चोरीला गेल्यासारखं वाटणारच. ती खूण दाबून पाहिली की वचन तिथे सापडतं. छापील प्रतीत ते कुठे चौकटी कंसात असतं, कुठे पानाच्या तळाशी.

तेव्हा घेताना बघायचं ते एवढंच: भाषांतर मूळ इब्री-ग्रीकवरून आहे का, एकट्या पंथाचं आहे की अनेक मंडळ्यांच्या लोकांनी मिळून तपासलेलं, आणि तळटीपा आहेत का. अभ्यासाला बायबल सोसायटीचं सुधारित मराठी ठेवा, ते मूळ वाक्यांच्या जवळ राहतं. शेजारी एक सोपं ठेवा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबलही जरूर बघा. त्यात कॅथलिक बायबलातली जास्तीची पुस्तकं आहेत म्हणून बिचकू नका, १६११च्या किंग जेम्समध्येही ती छापलेली होती.

दोन्ही शेजारी ठेवून इफिसकरांस १:३ ते १४ वाचा. ग्रीकमध्ये ते एकच लांब वाक्य आहे. सुधारित मराठीत वाचताना दम लागतो, पण कुठली गोष्ट कशामुळे हे धाग्यासारखं दिसत राहतं. सोप्यात त्याची लहान लहान वाक्यं झाली आहेत, धागा थोडा सुटतो, पण निवडलं, मुक्त केलं, शिक्का मारला हे एकेक मनात उतरतं. मावशीला मी हाच उतारा दिला आहे, आधी सोप्यातून, मग मंडळीतल्या मोठ्या बायबलातून. आमच्या पुढच्या शास्त्राभ्यासातही हाच आहे, येताना घरात जे बायबल असेल ते घेऊन या.