चेरोकी लोक 'राहत होते' नाही, राहतात

गेल्या आठवड्यात लेकीने शाळेसाठी चार्ट केला. विषय चेरोकी, म्हणजे अमेरिकेतले एक मूळ रहिवासी लोक. कातडी तंबू, डोक्यावर पिसांचा भलामोठा मुकुट घातलेला माणूस, शेजारी घोडा. खालची सगळी वाक्यं भूतकाळातली. शेती करत होते, टोपल्या विणत होते. वर्गात मिळालेल्या कागदावरून तिने मन लावून उतरवलं होतं, त्यामुळे तिला काय बोलणार? पण मला रात्री झोप लागेना.

आम्ही अटलांटाच्या उत्तरेला राहतो. ही जमीन त्यांची होती. १८३८ साली सैन्याने त्यांना इथून हाकललं. सुमारे १६,००० माणसं ओक्लाहोमाच्या दिशेने निघाली आणि त्यातली अंदाजे ४,००० छावण्यांत आणि वाटेत दगावली. एवढं शाळेत शिकवतात, आणि शिकवायलाच हवं. पण गोष्ट तिथेच थांबवली की मुलांना वाटतं, माणसंच संपली.

आज ओक्लाहोमातल्या चेरोकी नेशनचे, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या राष्ट्राचे, नागरिक साडेचार लाखांहून जास्त आहेत. त्यांचं सरकार आहे, न्यायालयं आहेत. जे डोंगरात टिकून राहिले त्यांचे वंशज आमच्यापासून तीन-साडेतीन तासांवर, नॉर्थ कॅरोलायनातल्या चेरोकी गावात राहतात. आणि ते तंबू, ते पिसांचे मुकुट त्यांचे कधी नव्हतेच! ते पश्चिमेकडच्या मैदानी लोकांचे. चेरोकींची जुनी घरं कुडाची, मातीने लिंपलेली. कोकणातल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटतील. कुळं सात, आणि मुलाचं कूळ आईकडून ठरतं. मुलाला वळण लावण्यात बापापेक्षा मामाचा अधिकार मोठा असे. हे एक वाक्य जरी चार्टवर असतं तरी मला आनंद झाला असता.

त्या गावात पूर्वी चेरोकी पुरुष रस्त्याकडेला पिसांचे मुकुट घालून उभे राहत, पर्यटकांसोबत फोटो काढायला. पर्यटकांना तेच हवं होतं आणि घर चालवायचं होतं. त्यांना मी दोष देणार नाही. पण आज तिथे आपली ओळख ते स्वतः सांगतात. २०२३ साली तिथल्या संग्रहालयाने नावातला 'इंडियन' काढून 'चेरोकी पीपल' केलं. दफनातल्या आणि पवित्र वस्तू मांडणीतून काढून घेतल्या. लोकांना काय दाखवायचं नाही, हे ठरवणंही शिकवण्याचाच भाग आहे असं मला ठामपणे वाटतं. २०२४ साली स्मोकी पर्वतातल्या सर्वोच्च शिखराला, क्लिंगमन्स डोमला, त्याचं जुनं नाव परत मिळालं: कुवोही, म्हणजे तुतीची जागा. ती मागणीही त्यांचीच.

आणि लिपी! मराठी माणसाने तर त्यासाठी थांबायलाच हवं. सिक्वोया नावाच्या चांदीकाम करणाऱ्या माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्याने १८२१ पर्यंत आपल्या भाषेची लिपी उभी केली, आणि ती चालते हे आपल्या मुलीकडून वाचून घेऊन लोकांना दाखवलं. आज तिच्यात ८५ अक्षरं आहेत. आपल्या बाराखडीत क ला काना-मात्रा लागतात, तिथे का, कि, कु अशा प्रत्येक उच्चाराला वेगळं अक्षर. 'त्सालागी', म्हणजे चेरोकी, तीन अक्षरांत लिहिता येतं. मधलं 'ला' रोमन डब्ल्यूसारखं दिसतं. या लिपीत 'चेरोकी फीनिक्स' हे चेरोकी-इंग्रजी वृत्तपत्र त्यांच्या तेव्हाच्या राजधानीतून, न्यू एकोटाहून निघालं, २१ फेब्रुवारी १८२८ ला. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', तेही मराठी-इंग्रजी, १८३२ चं. चार वर्षांनी नंतरचं.

आता ही भाषा सफाईने बोलणारे सुमारे २,०००च उरलेत, बहुतेक वयस्क. २०१९ मध्ये तिन्ही चेरोकी शासनांनी (ओक्लाहोमातली दोन, नॉर्थ कॅरोलायनातलं एक) भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. मुलांना चेरोकीतूनच शिकवणाऱ्या शाळा चालल्यात.

न्यू एकोटा आय-७५ महामार्गाला लागूनच आहे. चॅटनूगाला जाताना आपण सगळे त्या फाट्यावरून पुढे जातो. छापखान्याची इमारत पुन्हा बांधलेली आहे, आत जाऊन बघता येते. २१ फेब्रुवारीला जागतिक मातृभाषा दिनही असतो. त्या आठवड्यात आमच्या रविवारच्या मराठी शाळेतली मुलं घेऊन मी जाणार आहे. गाडीत जागा आहे, अटलांटाच्या बाजूचं कोणी येणार असेल तर खाली लिहा. लेकीने चार्टवरचा तंबू खोडून कुडाचं घर काढलंय. वाक्यं बदलणं अजून चालू आहे.