सावकाश होऊ द्या

आजी म्हणायची घास बत्तीस वेळा चावावा आणि जेवताना बोलू नये. पहिलं मला कधी जमलं नाही आणि दुसऱ्याचा इथे फ्रान्सात, लियाँमध्ये उपयोग शून्य, कारण ही माणसं जेवताना जेवणाबद्दलच बोलतात, ते संपलं की मागच्या रविवारच्या जेवणाबद्दल.

मी पडलो डबा उघडून एका हातात पोळीचा रोल आणि दुसऱ्यात माऊस अशा संस्कारातला. इथे कामाच्या टेबलावर जेवायला कामगार कायद्यातच मनाई, २०२१ मध्ये कोविडपायी ती तात्पुरती सैल केली तर त्याचीही बातमी झाली! वर २०१० साली युनेस्कोने यांच्या साग्रसंगीत जेवणाला चक्क वारसा म्हणून यादीत घातलंय. म्हणजे आता भराभर जेवणं हा निव्वळ वाईट सवयीचा प्रश्न राहिला नाही.

तर ऑफिसातल्या एका बाईंकडे रविवारी दुपारचं आमंत्रण होतं. आधी ऑलिव्ह आणि गप्पा, इतक्या गप्पा की मला वाटलं जेवण रद्द झालं. मग सूप, मग ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं ग्रातँ (मी शाकाहारी, त्यामुळे माझ्या वाट्याला ते डबल), मग सॅलड, त्याची पानं सुरीने कापायची नाहीत, काट्याने घडी घालायची. पाव ताटलीत नाही, थेट टेबलक्लॉथवर. मनगटं टेबलावर दिसली पाहिजेत, म्हणजे खाली मोबाईल बघायचीही सोय नाही.

मग चीजची फळी आली. ब्रीचा तिकोनी तुकडा असतो ना, त्याचं टोक कापून घ्यायचं नाही, ते टोक म्हणजे चाकाचा मधला मऊ भाग, सगळ्यांच्या वाट्याला यावा म्हणून लांबीने चीर काढायची. आणि फळी फिरणार एकदाच. मी आपल्या पद्धतीने पहिल्यांदा ‘नको नको’ म्हटलं, तर फळी खरंच पुढे गेली की हो! आग्रह नाही, शपथ नाही, काही नाही. माझ्याकडे बघून शेजारच्या आजोबांना दया आली असावी, त्यांनी आपल्यातला कोंतेचा तुकडा दिला, म्हणाले जिभेवर ठेव, डोळे मिट, काय काय लागतंय सांग. त्यांना स्वतःला हेझलनट, लोणी, कसलंसं गवत असं बरंच काही लागत होतं. मी डोळे मिटले, भरपूर विचार केला आणि म्हटलं, चीज.

डेझर्ट होऊन कॉफी येईपर्यंत साडेचार वाजलेले. बाईंनी विचारलं, तुमच्याकडे लग्नाचं जेवण किती तास चालतं? म्हटलं वाढपी ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत जिलबी वाढत असतो आणि तेवढ्यात पुढच्या पंगतीचा माणूस आपल्या खुर्चीची पाठ धरून मागे उभा असतो.

बाई भारावल्या. प्रत्येक पाहुण्यामागे एक वेटर?

मी हो म्हटलं.