2006 चा ड्रायव्हर आणि मोठ्या आकड्याचा मोह

कॉम्प्युटरमधल्या ड्रायव्हरबद्दलचा, म्हणजे एखादा हार्डवेअरचा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दलचा, एक सल्ला सगळीकडे फिरतोय. थोडक्यात तो असा: ज्याच्या व्हर्जनचा आकडा मोठा तो ड्रायव्हर चांगला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजच्या हार्डवेअर-यादीत) ड्रायव्हरवर 2006 ची तारीख दिसली तर तुमचं मशीन जुनाट ड्रायव्हरवर चाललंय. विंडोजसुद्धा मोठा आकडाच निवडतं. म्हणून व्हर्जन नंबर टिपत बसू नका, अडलं की लेटेस्ट टाका. चार वाक्यं आहेत आणि चारही लंगडी.

2006 पासूनच सुरू करू, कारण घाबरगुंडी त्यानेच जास्त उडते. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या अनेक ड्रायव्हरांवर 21 जून 2006 हीच तारीख असते, आणि ती मुद्दाम घातलेली असते. त्याच चौकटीत खाली व्हर्जन बघा. तिथे 10.0.19041 अशी सुरुवात असेल, तर तो 2020 सालच्या विंडोज 10 च्या बिल्डमधला (आवृत्तीमधला) ड्रायव्हर आहे. म्हणजे तारीख खोटी आणि आकडा खरा! इंटेलने तर कडी केली: तिच्या चिपसेटच्या (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांच्या) काही फाइलींवर 18 जुलै 1968 ही तारीख सापडते. तो कंपनीच्या स्थापनेचा दिवस. त्या फाइली बहुतेक वेळा डिव्हाइसला फक्त नाव देतात, प्रत्यक्ष ड्रायव्हर नसतात. त्यांनी खऱ्या ड्रायव्हरची जागा बळकावू नये म्हणून त्यांना एवढं म्हातारं केलेलं आहे.

जागा बळकावण्याचा प्रश्न येतो कारण विंडोजची निवड या सल्ल्यात म्हटल्याप्रमाणे होत नाही. आधी प्रत्येक ड्रायव्हरला रँक मिळते. डिजिटल सही आहे का, आणि डिव्हाइसच्या हार्डवेअर आयडीशी (त्याच्या ओळख-क्रमांकाशी) तो नेमका जुळतो की नुसता ढोबळ वर्गाशी, हे त्यात धरलं जातं. दोघांची रँक सारखी निघाली तर तारीख बघतात, आणि तारीखही सारखी असेल तेव्हा कुठे व्हर्जनची पाळी येते. मायक्रोसॉफ्टच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर आजची तारीख असती, तर रँक बरोबरीची झाल्यावर कंपनीचा खास ड्रायव्हर मागे पडला असता. म्हणून 2006. (हे आकडे दशांश अपूर्णांक नाहीत, हेही सांगून टाकतो. ठिपक्यांमधला प्रत्येक भाग स्वतंत्र मोजतात, त्यामुळे 10.10 हा 10.9 पेक्षा मोठा.)

आता ‘मोठा तो चांगला’. मुळात कुठला आकडा? ग्राफिक्स कार्डांसाठीच्या एनव्हिडिया कंपनीचा 536.23 हा ड्रायव्हर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 31.0.15.3623 असा दिसतो. शेवटचे पाच अंक उचला, 53623, आणि ठिपका योग्य जागी द्या. सुरुवातीचा 31 विंडोजच्या डिस्प्ले ड्रायव्हर मॉडेलची आवृत्ती सांगतो, ड्रायव्हरचा दर्जा नाही. तिची स्पर्धक एएमडीच्या 22.5.1 सारख्या नावात वर्ष आणि महिना दडलेला असतो, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिथेही वेगळाच लांबलचक आकडा दिसतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे लोक मी पाहिलेत. घराचा नंबर मोठा म्हणून घर मोठं म्हणण्यातलाच हा प्रकार.

एकाच कंपनीतही हा नियम टिकत नाही. एनव्हिडियाच्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी 470 ही शेवटची मालिका, फर्मीसाठी 390. त्यापुढची मालिका त्या कार्डांना चालतच नाही. आणि मार्च 2010 मध्ये याच कंपनीला 196.75 मागे घ्यावा लागला होता, कारण काही कार्डांच्या पंख्याचा वेग बिघडत होता. त्या आठवड्यात लेटेस्ट तोच होता.

एक मात्र मान्य करतो: काही सॉफ्टवेअरला किमान आकडा लागतोच. लिनक्सवर कूडा 12 ला (ग्राफिक्स कार्डावर आकडेमोड करण्यासाठीच्या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरला) 525.60.13 किंवा त्यापुढचा ड्रायव्हर हवा. पण ही फक्त खालची पायरी झाली, त्यावर कितीही चढत जावं असं त्यातून निघत नाही.

नंबर टिपत बसू नका हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य. लिनक्सवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर अपडेट झाला आणि मशीन रीस्टार्ट केलं नाही, तर कार्डाची स्थिती दाखवणारी एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड चक्क ‘ड्रायव्हर आणि लायब्ररीची व्हर्जन जुळत नाही’ अशी तक्रार करते. मेमरीत ड्रायव्हरचा जुना चालू भाग (मॉड्यूल) बसलेला असतो आणि डिस्कवर प्रोग्राम वापरतात ती नवी लायब्ररी. इथे लेटेस्ट टाकून काय होणार? लेटेस्ट टाकलेलंच आहे. दोन आकडे समोर ठेवले की उत्तर एका रीस्टार्टवर येतं.

विंडोजवर ‘रोल बॅक’चं बटण फक्त आधीच्या ड्रायव्हरपर्यंत नेतं. माझ्या लॅपटॉपचं वाय-फाय स्लीपमधून उठल्यावर गायब व्हायला लागलं, तोवर दोन अपडेट होऊन गेले होते. रोल बॅक केल्यावर हाती आला तोही बिघडलेलाच. नीट चालत होता तो कुठला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात, आयएनएफ या फोल्डरातल्या सेटअपएपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग या फाइलीत तो सापडला. डिव्हाइस ड्रायव्हर बसवल्याची नोंद विंडोज तिथे ठेवतं. आता अपडेटच्या आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयुटिल या विंडोजच्याच कमांडची ड्रायव्हर-यादी काढून टेक्स्ट फाइलीत टाकतो, नावात तारीख घालून.