गीझर नंतर, आधी अर्थिंग

"गोव्यात कसली आलीय थंडी?" असं पुण्या-मुंबईचे पाहुणे हसत विचारतात. त्यांनी जानेवारीत पहाटे वाळपईला बनियनवर अंगणात उभं राहून दाखवावं. घर तापवायची वेळ आपल्यावर येत नाही हे खरं. आपली थंडी न्हाणीत शिरल्यावर लागते. नरकासुर जाळून आलं, कारीट फोडलं की अभ्यंगाला कढत पाणी हवंच, आणि नेमका त्या दिवशी इलेक्ट्रिशियन फोन उचलत नाही. म्हणून जे करायचं ते दिवाळीआधी करा.

सध्या दुकानात जो तो 25 लिटरचा गीझर मागतोय. कशाला? 15 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. 2 किलोवॅटचा गीझर ते पाव तासात करतो. एक जण आंघोळ करून येईपर्यंत दुसऱ्याचं पाणी तापत आलेलं असतं. वीजबचतीच्या स्टारचंही तसंच. तापलेलं पाणी टाकीत नुसतं राहिलं तर किती उष्णता वाया जाते, त्यावर स्टार मिळतात. दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्याने पाच स्टार बघावेत. पाव तास लावून बंद करणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही.

मोठ्या टाकीचे आणि जास्त स्टारचे वाचलेले पैसे अर्थिंगवर, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या तारेवर, घाला. डिचोलीला मावशीच्या जुन्या चिऱ्यांच्या घरात नवा गीझर लावायला आलेल्या पोराने सॉकेटची प्लेट उघडली. बाहेर तीन भोकं, आत वायरी दोनच! तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकामागे काहीच नाही. असे सॉकेट आपल्याकडे घरोघरी सापडतील. गीझरच्या आतली कॉइल फुटली की करंट पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यात उतरतो. त्याला जमिनीत जायला वाट नसेल तर तो माणसाच्या अंगातून जातो. एवढ्याशा करंटने एमसीबी (जास्त करंट आला की वीज तोडणारा स्विच) पडत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (थोडा करंट गळला तरी वीज तोडणारा स्विच) लागते, आणि अर्थिंग असेल तर ती कुणी नळाला हात लावायच्या आधीच पडते. दोन्ही हवं. "आमच्याकडे इतकी वर्षं काही झालं नाही" हे मला सांगू नका.

त्यात आपली जमीन जांभ्याची. पावसानंतर ओल असते तेव्हा अर्थिंग मोजलं तर रेझिस्टन्सचा आकडा छान, म्हणजे कमी येतो. एप्रिलमध्ये तीच जमीन ठणठणीत कोरडी. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ नीट घालून घ्या, उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा, आणि मोजायचं ते कोरड्या दिवसांत.

गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत कुणी सांगितला तर साफ नाही म्हणा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आतल्या आत कोसळतो. बसवायचाच तर बाहेर, मोकळ्या हवेत.

स्वतःचं छप्पर असलेल्यांनी सोलरच बघावा. डिसेंबरचं निरभ्र ऊन त्याला मानवतं, तोंड मात्र दक्षिणेला हवं. जून ते सप्टेंबर तो जवळजवळ झोपलेलाच. तेव्हा सोडणं (नारळाची सालं), चुडतं (झावळ्या), करवंट्यांवर तापणारं आजीचं तांब्याचं भाण (पाणी तापवायचं मोठं भांडं) कामाला येतं. भंगारवाला तांब्याचा भाव सांगून भुलवेल, देऊ नका.