बसायला जागा

मामा महिनाभर लंडनला राहायला आला होता. एसटीत कंडक्टर म्हणून आख्खी नोकरी काढलेला माणूस. टॉवर ब्रिज झाला, राजवाड्याच्या फाटकाशी उभं राहून फोटो झाले, आणि चौथ्या दिवशी रात्री सगळी निजानीज झाल्यावर स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "अगं, इथं बसायचं कुठं?"

मराठी माणसाला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. आपण कुणालाच "दारू प्यायला जाऊ या" म्हणत नाही. आपण "बसू या" म्हणतो. मला हा शब्दप्रयोग पूर्वी लपवाछपवीचा वाटायचा. हल्ली वाटतं, यात मुद्द्याचा शब्द "बसू या" हाच आहे, आणि आज त्याबद्दलच लिहायचंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी त्याला हॉलबर्नच्या 'प्रिन्सेस लुईस'मध्ये घेऊन गेले. व्हिक्टोरिया राणीच्या मुलीचं नाव असलेला जुना पब. आतली सजावट 1891 सालची. नक्षीदार फरशा भिंतीवर चढलेल्या, कोरीव काचेचे उंच आरसे, मधोमध बार आणि त्याभोवती लाकूड-काचेच्या पडद्यांनी पाडलेले छोटे छोटे कप्पे. सगळी इमारत संरक्षित वारसा आहे, पुरुषांच्या संगमरवरी मुतारीसकट. (हे मी ऐकून होते. मामाने जाऊन तपासणी केली आणि "आमच्या डेपोमॅनेजरचं केबिन याच्यापुढं काहीच नाही" असा अहवाल दिला.)

दारातच तो थबकला होता. त्याच्या डोक्यात पब म्हणजे अंधार, धांगडधिंगा आणि आत शिरायलाच पैसे. हळूच म्हणाला, "हे तर संस्थानिकाचा वाडा दिसतंय. परवडतंय ना तुला?"

गंमत हीच आहे की परवडतं. आसपासच्या पबांमध्ये बिअरचा पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास, सात पौंडांकडे झुकलाय, इथं चांगले दीड-दोन पौंड कमी पडतात. मध्य लंडनमध्ये, इतक्या देखण्या खोलीत. मामाने यात काहीतरी गोम असणार असं लगेच ताडलं. "पाणी घालत असतील."

पाणी घालत नाहीत. पब सॅम्युएल स्मिथ या यॉर्कशरमधल्या टॅडकॅस्टर गावच्या ब्रुअरीचा, म्हणजे बिअरच्या कारखान्याचा आहे, 1758 पासूनच्या. पब यांचा, बिअर यांची, इतर पेयंही बहुतेक यांच्याच नावाची. मधला दलाल नाही, जाहिरातबाजी नाही. 2004 पासून यांच्या पबांत गाणी बंद, म्हणजे त्याचं परवाना शुल्क वाचलं. टीव्ही नाही, म्हणजे फुटबॉल दाखवायच्या वाहिन्यांची भलीमोठी वर्गणी वाचली. 2019 मध्ये आत फोन वापरायलाही मनाई केली. त्यात पैसे काही वाचत नसावेत, मालकाचा खाक्याच तसा. मला हा खाक्या अतिशय आवडतो आणि माझ्या नवऱ्याला अजिबात आवडत नाही. मामाने मामीला दाखवायला व्हिडिओ कॉलसाठी फोन काढला तेव्हा मीच त्याचा हात धरला. मग आम्ही दोघं फुटपाथवर उभे राहून मामीला बाहेरून पब दाखवला. मामी म्हणाली, "घड्याळाचं दुकान आहे का?"

पण त्याआधी एक किस्सा झाला. मी नातेवाइकाचा फोन आला म्हणून पाच मिनिटं बाहेर थांबले आणि मामाला आत जाऊन जागा पकडायला सांगितलं. प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटं गेली. परत आले तर मामा एका कप्प्यात कोट घालून ताठ बसलेला, चेहरा पडलेला. "वेटर कुठं मेलाय इथला? तीनदा शुक शुक केलं. बघतपण नाही."

इथे टेबलावर कुणी येत नाही, आपण उठून काउंटरवर जायचं आणि आधी पैसे द्यायचे, हे त्याला सांगायचं मीच विसरले होते. काउंटरवर रांगही दिसत नाही. माणसं आडवी पसरून उभी असतात, पण कोण कुणाच्या आधी आलं हे प्रत्येकाला ठाऊक असतं आणि बारवाल्यालाही. तुमच्या आधीच्याला सोडून त्याने तुम्हाला विचारलं, तर "आधी हे होते" असं आपणच म्हणायचं. आयुष्यभर खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारे प्रवासी पाहिलेल्या मामाला हे इतकं पटलं की पुढच्या राउंडला तो मुद्दाम उभा राहिला आणि नुकत्याच आलेल्या एका माणसाला हाताने पुढे जायची खूण करून बसला.

बिअर आली आणि दुसरं संकट. "थंड नाही गं ही." मी ओल्ड ब्रुअरी बिटर घेतली होती, लाकडी पिंपातली. ही बिअर पिंपातही जिवंत असते. त्यात यीस्ट असतं, तळघरात तिचं शेवटचं आंबणं होतं, वरून गॅस भरलेला नसतो आणि ती हातपंपाने ओढून काढतात. तापमान साधारण 11 ते 13 अंश. लोक तिला गरम बिअर म्हणून हसतात, पण ती गरम नसते, माठातल्या पाण्यासारखी असते. हा प्रकार नामशेष होऊ नये म्हणून 1971 मध्ये इथल्या ग्राहकांनी 'कॅम्रा' नावाची चळवळ काढली, ती आजही चालू आहे. आता यातली ग्यानबाची मेख ऐका. असं पिंप एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबट होतं. म्हणजे ती ताजी मिळायची तर भराभर खपायला हवी, आणि भराभर खपायची तर किंमत आवाक्यात हवी. महागड्या, रिकाम्या पबमध्ये हीच बिअर मी शिळी प्यायलेय. तेव्हा स्वस्त म्हणजे हलकी, हे गणित निदान इथे उलटं आहे.

आता त्या कप्प्यांबद्दल. मामा लाकडी पडद्यावर टकटक करत म्हणाला, "हे तर आपल्या फॅमिली रूमसारखंच आहे की!" मी इतकी वर्षं तिथे जातेय, हे मला सुचलं नव्हतं. परमिट रूममधली ती फॅमिली रूम आठवा, प्लायवूडचे आडोसे आणि मळका पडदा. व्हिक्टोरियन पबमधले आडोसेही त्याच कामाचे होते. मजुरांनी एका दाराने आत यायचं, साहेबांनी दुसऱ्या. जवळच्या 'द लॅम्ब' पबमध्ये काउंटरवर डोळ्यांच्या उंचीला फिरत्या दुधी काचा अजून शाबूत आहेत. कोण पितंय हे बारवाल्यालाही दिसू नये म्हणून. आणि बिअर तीच असली तरी साहेबांच्या, गाद्यांच्या बाजूला ती थोडी महाग मिळायची. म्हणजे खरी भिंत लाकडाची नव्हती, किमतीची होती.

बायकांचं तर विचारूच नका. इथून चालत पंधरा मिनिटांवर फ्लीट स्ट्रीटला 'एल व्हिनो' नावाचा वाइन बार होता. तिथे बाईने काउंटरवर उभं राहून पेय मागायचं नाही, मागच्या खोलीत बसायचं, असा नियम होता. दोन बायका कोर्टात गेल्या आणि 1982 मध्ये जिंकल्या. 1982! विलायतेत बायका पूर्वापार मोकळ्या असतील या समजुतीत मी विमानातून उतरले होते. आज मी एकटी पुस्तक घेऊन त्या कप्प्यात अर्धा पाइंट पुढ्यात ठेवून तासभर बसते, कुणी ढुंकून बघत नाही. माझ्या गावात मी चहाच्या टपरीवरही अशी एकटी बसलेले नाही.

आता सगळ्या कप्प्यांत एकच किंमत आहे. आमच्या शेजारी एका बाजूला गळ्यात कार्ड लटकवलेले वकील की बँकवाले कुणीतरी होते, दुसऱ्या बाजूला रंगाचे डाग पडलेल्या पँटी घातलेले दोन कामगार, आणि कोपऱ्यात एक आजोबा शब्दकोडं सोडवत होते. आजोबांचा पाइंट आम्ही आलो तेव्हा अर्धा होता आणि निघालो तेव्हा पाव. नुसती बिअर हवी असती तर त्यांना सुपरमार्केटात डबा याच्या निम्म्याहून कमी पैशात मिळाला असता. ते पैसे बिअरचे देतच नाहीत. बसायचे देतात. शेकोटीसारखी ऊब, उजेड, माणसांची कुजबुज, आणि "आणखी काय आणू" असं कुणी न विचारणं. पाइंट दोन पौंडांनी वाढला की बँकवाला तोंड वाकडं करून येतच राहतो. आजोबा यायचे बंद होतात. आणि पब म्हणजे 'पब्लिक हाउस' यातलं पब्लिक गेलं की उरतं ते फक्त हाउस, त्याला मग फ्लॅट करून विकतात. या देशात 2000 च्या सुमाराला 60,000 च्या आसपास पब होते, आता ते 45,000 च्या आसपास आलेत.

स्वस्त दारूचं कौतुक काय करतेस, असं म्हणणारे असतील. माझ्या माहेरच्या आळीत दारूने धुळीला मिळालेली दोन घरं मी पाहिलीत, त्यामुळे मला हे कुणी शिकवायला नको. पण ती दोन्ही माणसं कुठे बसून पीत नव्हती. बाटली घेऊन एकटी पीत होती. इथल्या कायद्यात नशेत असलेल्याला दारू विकणं हा गुन्हा आहे, आणि बारवाला समोरच उभा असतो. फ्रीज तुम्हाला "आता पुरे" म्हणत नाही. स्कॉटलंडने 2018 मध्ये दारूची किमान किंमत ठरवून दिली, एका युनिटला (म्हणजे 10 मिली शुद्ध अल्कोहोलला) 50 पेन्स, 2024 पासून ती 65 झाली. त्याचा चटका दुकानांतल्या स्वस्त बाटल्यांना बसला, पबचे दर आधीच त्याच्या कितीतरी वर होते. मला ही विभागणी योग्य वाटते.

तिसऱ्या राउंडचे पैसे कुणी द्यायचे यावरून आमचं खास मराठी भांडण झालं, पाकीट दाबून धरण्यापर्यंत. तेव्हा मी त्याला सांगितलं की पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, इथे दुसऱ्याला दारू पाजणंच बेकायदेशीर केलं होतं. राउंड देणं म्हणजे गुन्हा. दुपारी पब बंद ठेवायचा नियमही तेव्हाचाच, तो पार 1988 पर्यंत टिकला. मामा खूश झाला. "म्हणजे यांच्याकडंपण ड्राय डे होते." मग त्याने त्याच पाकिटातून स्वतःचा दारू पिण्याचा परवाना काढून टेबलावर ठेवला. महाराष्ट्र सरकारचा, आरोग्य राखण्यासाठी म्हणून दिलेला. "इथं कुणी मागितला नाही अजून," म्हणाला. जरा नाराजच वाटला.

कुणी जाणार असाल तर मधल्या वारी दुपारी तीन-चारला जा. साडेपाचनंतर ऑफिसं सुटली की उभं राहायलाही जागा नसते, फुटपाथवर ग्लास घेऊन उभे राहाल. फोन पिशवीत ठेवा. जिन्याजवळचा कप्पा घेऊ नका, लोकांची सारखी ये-जा असते. आणि शुक शुक करू नका, उठून काउंटरवर जा.