आधी खरवडा, मग कोटिंग

लेखात म्हटलंय की खराब झालेल्या मॅनहोलला आतून इपॉक्सीचा (चिकटून कडक होणाऱ्या रेझिनचा) थर दिला की काम झालं. मलनिस्सारणाच्या कामांवर मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो, खरं काम थर देण्याआधीचं असतं. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो आणि वरच्या ओलसर काँक्रीटवर जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. म्हणून पाइप पाण्याखाली शाबूत आणि वरच्या बाजूने खाल्लेला दिसतो. तिथलं काँक्रीट नखाने उकरलं तरी ओल्या खडूसारखं हातात येतं. एका पंपिंग स्टेशनात ठेकेदाराने त्या पांढऱ्या लगद्यावरच कोटिंग मारलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटले, टिचकी मारली की पोकळ आवाज यायचा. टणक काँक्रीट लागेपर्यंत वॉटर जेटने खरवडायचं, पाझर बंद करायचा, खड्डे मॉर्टरने भरायचे, मगच इपॉक्सी. त्यानंतर स्पार्क टेस्ट (विजेची ठिणगी पाडून थरातली भोकं शोधणारी चाचणी) हवीच, कारण टाचणीएवढं भोक राहिलं तरी आम्ल तिथूनच आत शिरतं. आणि कृपा करून विषारी वायू मोजणारा गॅस मीटर लावल्याशिवाय कुणालाही आत उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो.