घसारा धरला का?

विश्रामबागच्या कट्ट्यावर भडंगाची पुडी सुटली आणि पिंट्यानं नेहमीचा सूर लावला. "पैसा ओता, कप उचला. फुटबॉलात दुसरं काय हाय?"

"मग एवढा ओतून मँचेस्टर युनायटेडला काय दृष्ट लागली?" अण्णांनी विचारलं. वह्या लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. आकडा निघाला की ते सरसावून बसतात.

"खेळाडू केवढ्याला घेतला यावर खर्च ठरत नाही रे. चेल्सीनं २०२३ मध्ये एन्झो फर्नांडेझ १० कोटी ६८ लाख पौंडांना घेतला, साडेआठ वर्षांच्या करारावर. वहीत वर्षाला किती पडला?"

संजानं मोबाइलवर भागाकार केला. "सव्वा कोटीच्या वर जरा."

"पाच वर्षांचा करार असता तर २ कोटी १४ लाख पडला असता. किंमत कराराच्या वर्षांवर वाटायची, ट्रॅक्टरला लावतात तसाच घसारा. ही पळवाट दिसल्यावर युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, आणि मग इंग्लंडच्या प्रीमियर लीगनंही त्याच वर्षी घसारा जास्तीत जास्त पाच वर्षांवर आणला. पण खरी मेख पुढंच हाय. खेळाडू फसला तरी वहीत त्याची किंमत शिल्लक असते. त्याखाली विकला तर फरक त्याच वर्षी तोट्यात."

"आणि क्लबनं स्वतःच्या अकादमीत घडवलेलं पोरगं विकलं तर?"

"त्याची वहीत किंमत शून्य. आली तेवढी रक्कम नफा. म्हणून अडचणीतला क्लब आधी घरचीच पोरं विकायला काढतो." हा नियम ज्यानं केला त्याला पोरांची किंमत कळली नाही, असं आमचं मत.

संजाचं म्हणणं निराळं. त्याच्या मते खरेदीपेक्षा पगार बघावा, कारण टेबलातली जागा पगाराच्या मागं चालते. "लीस्टर २०१६ ला प्रीमियर लीग जिंकलं तेव्हा पगारात खालच्या अर्ध्यात होतं. ते खरं यश. त्याच लीस्टरचा पगार २०२२-२३ मध्ये उत्पन्नाच्याही वर गेला आणि त्याच वर्षी ते खालच्या लीगमध्ये गेलं. पगार १०० रुपयाला ७० च्या आत हवा. युएफाची मर्यादा आता तेवढीच हाय, आणि त्यात पगाराबरोबर घसारा न् एजंटची दलालीही धरतात."

"मग कर्ज?" पिंट्या म्हणाला. "बार्सिलोनावर २०२१ मध्ये १३५ कोटी युरो निघालं, मेस्सी सोडावा लागला. टॉटनहॅमवरही डोंगर हाय. दोन्ही सारखेच की."

"सारखे कसे, मर्दा?" अण्णा उसळले. "द्राक्षबागेला कर्ज काढलं न् लग्नाला काढलं, एकच का? टॉटनहॅमनं स्टेडियमला काढलं. २०१९ ला उघडलं, ६२ हजारांवर खुर्च्या, त्याचं उत्पन्न दरवर्षी येतंय. लीड्सनं पुढच्या तिकीटविक्रीवर पैसा उचलून खेळाडू घेतले. २००१ ला चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल खेळले, पण पुढं त्या स्पर्धेत जागाच मिळाली नाही. हप्ते तसेच राहिले, खेळाडू विकावे लागले, २००४ ला खाली. आणि युनायटेडची तर तऱ्हाच न्यारी. २००५ ला ग्लेझर कुटुंबानं क्लब घेतला तो बराचसा उसन्या पैशांवर, आणि बोजा चढवला क्लबच्याच डोक्यावर. त्या कर्जातनं ना खेळाडू आला ना खुर्ची."

"चेल्सीवर अब्रामोविचचे दीडशे कोटी पौंड होतेच की."

"ते मालकाचं, बिनव्याजी. २०२२ ला विकताना त्यानं सोडून दिलं. म्हणून कर्जाचा आकडा ऐकला की तीन गोष्टी विचारायच्या. कुणाचं, व्याज किती, परत कधी. आणि खेळाडूंच्या खरेदीचे उरलेले हप्ते मोजलेत का? बरेच जण नुसतं बँकेचं धरतात, हे हप्ते विसरतात."

संजानं पुडीच्या कागदावर दोन नावं लिहिली. २०२४-२५, लीगच्या वीस क्लबांत युनायटेड १५ वं, टॉटनहॅम १७ वं. तरी युरोपा लीगची फायनल या दोघांतच झाली आणि टॉटनहॅमनं १-० नं मारली. पगार उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास ठेवणारा क्लब, १७ वर्षांत पहिला कप.

"मग टॉटनहॅम पास की नापास?"

"कप आला, पास," पिंट्या म्हणाला.

"आणि सोळाव्या दिवशी प्रशिक्षकाला नारळ दिला," संजा म्हणाला, आणि कागद चुरगळून उरलेलं भडंग तोंडात टाकलं.